टाळी वाजवा, खोली निवडा!

मुलांनो, आजीच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करायच्यात ना? मग आधी खोली नीट निवडा. आवाज घुमला की शब्द एकमेकांत मिसळतात, नंतर ते वेगळे काढणं फार कठीण!

प्रत्येक खोलीत एक जोरदार टाळी वाजवा. रिकाम्या खोलीत ती घुमेल. कपडे-अंथरुणांनी भरलेल्या खोलीत चटकन विरेल. असं का बरं? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंत, फरशी, काच त्याला परत फेकतात. मऊ, जाड कापडात मात्र तो अडकतो आणि त्याची किंचित उष्णता होते.

गाद्या आवाज किती शोषतात, हे फार पूर्वी मोजलं गेलंय. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. १८९५ मध्ये हे कोडं वॉलेस सेबाइन यांच्याकडे आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून त्यांनी रात्री-रात्री मोजमाप केलं. गाद्या वाढल्या, घुमणं कमी झालं!

तुम्हीही तेच करा. खाली सतरंजी घाला. आजीच्या मागे आणि बाजूंना, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून, दोरीवर गोधड्या टाका. पंखा बंद ठेवा. पण लक्षात घ्या, रस्त्यावरचा हॉर्न गोधडीने अडत नाही. त्यासाठी रस्त्यापासून लांबची खोली आणि पहाटेची वेळ बरी.

आता पुन्हा टाळी वाजवा. फरक कळला ना?

आणि आई-बाबा, एक दिवस गोधड्यांचा पसारा चालवून घ्या. आजीचा आवाज कायमचा जपला जाणार आहे!