अंश आहे, छेद कुठे आहे?

जून २०१३मध्ये केंद्र सरकारने पायोग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाच्या विक्रीला स्थगिती दिली आणि जुलै सरता सरता ती उठवली. वेष्टनावर मूत्राशयाच्या कर्करोगाबाबतचा इशारा तेवढा छापायला सांगितला. फ्रान्सने हे औषध दोन वर्षे आधीच थांबवले होते, पण त्या निर्णयामागे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यातल्या सुमारे १५ लाख मधुमेहींच्या नोंदी होत्या. औषध घेणाऱ्यांत हा कर्करोग सुमारे २२ टक्क्यांनी जास्त आढळला, असे त्या नोंदी सांगत होत्या. आपल्याकडे चर्चेत होते ते मोजके रुग्ण आणि परदेशातले आकडे. आपल्याकडे हे औषध बहुधा कमी मात्रेत आणि अनेकदा मेटफॉर्मिनसारख्या दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत दिले जाते. त्यामुळे फ्रान्सचे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नव्हते आणि आपले उत्तर शोधायला देशाच्या पातळीवरचा हिशेब हाताशी नव्हता.

हा हिशेब शाळेतल्या अपूर्णांकाचा आहे. एखाद्या औषधाने यकृताला सूज आलेले पाच रुग्ण नोंदले गेले, असे समजू. ते औषध पाचशे जणांनी घेतले असेल तर धोका शंभरात एक. पन्नास हजारांनी घेतले असेल तर दहा हजारांत एक. पहिल्या स्थितीत डॉक्टर त्या औषधाला हात लावणार नाहीत, दुसऱ्या स्थितीत बिनदिक्कत लिहून देतील. २०१०पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमात डॉक्टर आणि रुग्ण दुष्परिणाम कळवतात. म्हणजे अंश मिळतो, छेद मिळत नाही. बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्याही इथे अपुऱ्या पडतात. दहा हजारांत एकाला होणारा परिणाम तीन हजार जणांच्या चाचणीत एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के असते. औषधाची खरी परीक्षा ते गावोगावच्या मेडिकलमध्ये पोहोचल्यावर सुरू होते, आणि त्या परीक्षेचा निकाल लावायला वेगळी चाचणी उभारण्याऐवजी रोज लिहिल्या जाणाऱ्या नोंदी वापरता येतात.

छेद मोजणे ग्रामीण महाराष्ट्रात शक्य आहे, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचे काम रुजवले. त्याच पायावर केईएमच्या संशोधन केंद्राने २००२पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची सलग गणती चालवली आहे. ठरावीक काळाने घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, गावात आलेले आणि गाव सोडून गेलेले यांची नोंद होते. मृत्यू झाला असेल तर घरच्यांशी बोलून त्याचे कारण ठरवले जाते. लाखाहून अधिक माणसांपैकी कोण कधीपासून कधीपर्यंत इथे होते, हे त्यामुळे सांगता येते. शेजारचा दौंड तालुका मात्र या क्षेत्रात येत नाही. तिथे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, ऊसतोडणीला येणारी कुटुंबे आहेत, आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधे बनवणारे कारखानेही आहेत. गोळी जिथे तयार होते, त्याच तालुक्यात ती किती जणांच्या पोटात गेली याचा मेळ मात्र कुणी घालत नाही.

मेळ नाही म्हणजे नोंदी नाहीत, असे नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाह्यरुग्णांची नोंदवही असते, क्षयरोग्यांची माहिती ‘निक्षय’ पोर्टलवर जाते, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि मोठे उपचार नोंदले जातात. मार्च २०१४पासून लागू असलेल्या ‘एच-१’ परिशिष्टानुसार तर ठरावीक प्रतिजैविके, क्षयरोगावरची आणि गुंगी आणणारी काही औषधे विकताना औषध दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि ते किती दिले हे लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे असते. शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारपेठेतले हे रजिस्टर औषध निरीक्षकाला दाखवण्यापुरते उघडते. तेच माणसाच्या पुढच्या आजारपणाशी जोडले, तर त्यातून औषधशास्त्र निघेल. अडचण जोडणीची आहे: एकच बाई आरोग्य केंद्रात एका नावाने, खासगी दवाखान्यात दुसऱ्या स्पेलिंगने आणि मेडिकलमध्ये नवऱ्याच्या नावाने असते. चौदा आकडी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक यासाठीच आला. पण बहुतेक बाह्यरुग्ण जिथे जातात त्या खासगी दवाखान्यात तो नियमाने लिहिला जाईल, तेव्हाच त्याचा उपयोग.

या नोंदी कच्च्या आहेत, हा पहिला आक्षेप रास्त आहे. निदानाच्या रकान्यात ‘ताप’ आणि औषधाच्या रकान्यात ब्रँडचे नाव, एवढ्यावर काय ठरणार? सगळेच प्रश्न सुटणार नाहीत. सुरुवात मृत्यू, हाड मोडणे, रुग्णालयात भरती, कावीळ अशा ठळक परिणामांपासून करावी, आणि नोंदींचा एक नमुना मूळ कागदपत्रांशी ताडून चूक किती हे आधी जाहीर करावे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जास्त आजारी माणसालाच जालीम औषध मिळते. मग तो दगावला तर दोष आजाराचा की औषधाचा? पाळी गेल्यानंतर घ्यायच्या संप्रेरकांनी हृदय सुरक्षित राहते, असे निरीक्षणे वर्षानुवर्षे सांगत होती. २००२मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ते खोडून काढले. पायोग्लिटाझोनबाबतही २०१५मधल्या अमेरिकी अभ्यासात फ्रान्ससारखा स्पष्ट धोका आढळला नाही. म्हणून औषध घेणारे आणि न घेणारे यांची तुलना करण्याऐवजी, एकाच आजारासाठी दोन वेगळी औषधे नव्याने सुरू केलेल्यांची तुलना करावी. नोंदी चाचणीची जागा घेणार नाहीत. चाचणी जिथे पोहोचत नाही, तिथला धोका त्या दाखवतील.

मग परदेशी नोंदींवरच का भागवू नये? कारण आपली औषधेच वेगळी आहेत. मार्च २०१६मध्ये केंद्राने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०१८मध्ये पुन्हा ३२८ औषधे बंद झाली. यातली कितीतरी मिश्रणे युरोप-अमेरिकेत विकलीच जात नव्हती. त्यांचा हिशेब तिकडून कसा येणार? शरीराचाही प्रश्न आहे. आयसोनियाझिड हे क्षयरोगावरचे औषध सावकाश पचवणाऱ्यांचे प्रमाण भारतीयांत मोठे आहे, आणि अशांच्या यकृताला त्याचा धोका अधिक असतो.

गोपनीयतेची शंका या सगळ्यांहून गंभीर आहे. लहान गावात नाव खोडून भागत नाही; वय, आजार आणि गाव एवढ्यावर माणूस ओळखू येतो. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांची माहिती फुटली तर नुकसान भरून येत नाही. म्हणून कच्च्या नोंदी पुण्या-मुंबईला पाठवूच नयेत. प्रश्न तालुक्यात यावा, मोजणी तिथल्याच संगणकावर व्हावी आणि बाहेर फक्त आकडे जावेत. गावाला काय चालले आहे ते सांगावे आणि नैतिकता समितीने नकाराधिकार राखावा. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ही किमान मर्यादा मानावी.

एकट्या वढूचे क्षेत्र दुर्मीळ दुष्परिणामांसाठी लहान आहे, पण २०११च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड मिळून साडेसात लाखांवर लोक होते. वढूची गणती छेद देईल, दुकानातले रजिस्टर औषध सांगेल, रुग्णालय परिणाम नोंदवेल. या तिन्हींची सांगड आधी वढूच्या गावांत ‘एच-१’मधल्या दोन-तीन औषधांपुरती घालून पाहावी, चुका मोजाव्यात आणि मगच दौंडकडे वळावे. खर्च एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीच्या मानाने किरकोळ असेल. पुढच्या वेळी एखादे औषध थांबवायचे की चालू ठेवायचे हा प्रश्न आला, तर दिल्लीला आपल्याच माणसांचा आकडा मागता येईल.