माळकऱ्याची चंची

संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या पंचक्रोशीत, एकूणच परभणी जिल्ह्यात, दारू-मटण सुटायला अनेकदा तुळशीची माळ पुरते. माळकरी म्हटलं की पाहुणेही आग्रह करत नाहीत. रोज नव्यानं नकार द्यावा लागत नाही.

डॉक्टरांनी घातलेली भीती मात्र रिपोर्ट बरा येताच विरते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते बदल टिकायला तीन गोष्टी लागतात: कारण स्वतःला पटलेलं असणं, आपल्याला जमेल हा विश्वास आणि जवळच्यांची साथ. माळेत या तिन्ही सापडतात. गंमत अशी, की त्याच माळकऱ्याच्या कमरेची तंबाखूची चंची कुणाला खटकत नाही! गावानं तिला व्यसनात धरलेलंच नाही.

तंबाखूची चिमूट बहुधा ठरलेल्या वेळी निघते. जेवल्यावर, पारावर बसल्यावर. म्हणून ‘सोडीन’ असा मोघम निश्चय कमी पडतो. ‘जेवण झालं की बडीशेप’ असं वेळेशी बांधलेलं ठरवावं. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, पण ते खरं नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तंबाखूत निकोटिनची ओढही असते, तेव्हा एकट्यानं झुंजण्यापेक्षा १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोलावं.