संगणकाची घरघर : आधी निदान, मग इलाज

उन्हाळा तापू लागला की घरोघरी एक ओळखीची तक्रार सुरू होते. संगणक सुरू करून दहा मिनिटे होत नाहीत तोच त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावू लागतो. दोन खोल्यांच्या घरात मुलगी रात्री अभ्यासाला बसलेली असते आणि शेजारीच आजी झोपलेली असते. आजी कूस बदलत राहते, मुलगी इअरफोनचा आवाज वाढवते.

आधी दिलासा. या पंख्याने कान बहिरे होत नाहीत. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही धोक्याची पातळी मानतात. संगणकाचा पंखा त्याच्या बराच खाली असतो. पण झोपायच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलहून अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे १९९९ चे मार्गदर्शन सांगते. ही मर्यादा असा पंखा सहज ओलांडतो. झोप सावध होते, सकाळी अंग जड वाटते.

खरा धोका इअरफोनचा आहे. पंख्याची घरघर झाकण्यासाठी आवाज नकळत वाढवला जातो. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे प्रौढांसाठी सुरक्षित धरले जाते. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला अवघी चार तास उरते. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून इअरफोनचा आवाज वाढवण्याऐवजी पंखा शांत करणे हा शहाणपणाचा उपाय.

ताप आला की नाडी जलद होते. तसेच आतला भाग तापला की पंख्याचा वेग वाढतो. पंख्याचा आवाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. पंख्याची वायर काढून ठेवणे म्हणजे रोग तसाच ठेवून लक्षण दाबणे. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी काम मंदावतो, प्रसंगी संगणक बंद पडतो.

आवाजाचा प्रकार ऐकला की निदान सोपे होते. नुसते घोंघावणे असेल तर बहुतेक वेळा धूळ किंवा उष्णता. खरखर किंवा घरघर येत असेल तर पंख्याचे बेअरिंग झिजलेले असते. टकटक होत असेल तर एखादी वायर पात्याला लागत असते. डब्यावर हात दाबताच गुणगुण थांबली, तर स्क्रू ढिला आहे.

सफाईआधी संगणक बंद करून प्लग काढावा आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. डबा गॅलरीत न्यावा, नाकाला मास्क लावावा. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. पाती बोटाने धरून ठेवावीत आणि कोरड्या मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढावी. पाती मोकळी सोडून हवा मारली तर पंखा भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो. ओले फडके वापरू नये, तोंडाने फुंकरही मारू नये. थुंकीचा ओलावा आत जातो. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरलेला असू शकतो.

बेअरिंगमध्ये खोबरेल तेल सोडण्याचा घरगुती उपाय टिकत नाही. ते थंडीत गोठते आणि धूळ धरते. पंखा बदलणेच बरे. जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा; १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा कमी वेगात ढकलतो. पंख्याचा वेग निम्मा झाला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. अनेक संगणकांच्या बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानानुसार ठरवण्याची सोय असते. सफाईनंतर तिथे शांत पर्याय निवडावा आणि तापमानावर काही दिवस लक्ष ठेवावे. सफाई करूनही प्रोसेसर तापत असेल, तर त्यावरची थर्मल पेस्ट वाळली असण्याची शक्यता असते. ती तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावी.

जागाही महत्त्वाची. डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबला की स्वतःचीच गरम हवा तो पुन्हा आत ओढतो. भिंतीपासून वीतभर अंतर, खाली रबरी पट्टी आणि कानाच्या उंचीपेक्षा खालची जागा एवढ्यानेही फरक पडतो. जमिनीवर मात्र ठेवू नये; तिथे धूळ जास्त. वीतभर उंच पाट पुरतो.

शेवटची चाचणी कानाची. संगणक बंद करून शांत खोलीत दोन मिनिटे बसावे. आवाज तरीही येत राहिला, तर तो पंख्याचा नाही, कानातला आहे. एकाच कानात गुंजन, ऐकू कमी येणे, चक्कर, किंवा नाडीच्या ठेक्यावर येणारा आवाज यांपैकी काही असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर दिवस न दवडता त्याच दिवशी जावे. त्यात उपचाराला उशीर झाला तर गेलेले ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता घटते.