चिलटं डासांच्या उपायांना दाद का देत नाहीत?

संध्याकाळी तळ्याकाठी बसलोय, वारा पडलाय, डोळ्यांना काही दिसत नाही, पण हातापायांची मात्र आग होतेय. हा अनुभव तुम्ही घेतला असेल. ही चावणारी चिलटं, शास्त्रीय नाव क्युलिकॉइड्स. लांबी जेमतेम १ ते ३ मिलिमीटर, त्यामुळे साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरतात. डासाची मादी सोंड खुपसते. चिलटाची मादी कातडी कापते आणि तिथं साचलेलं रक्त पिते. आग होते ती त्यामुळेच.

आता तुम्ही म्हणाल, तळ्यात गप्पी मासे सोडू, नाहीतर तेल टाकू. पण इथंच आपण चुकतो. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागाशी येते, म्हणून तेलानं गुदमरते. चिलटाची अळी बारीक दोऱ्यासारखी असते आणि कातडीतूनच श्वास घेते. ती राहते काठावरच्या ओल्या चिखलात, पाणवनस्पतींच्या बुडाशी. काही जाती तर जलपर्णीच्या मुळांच्या जाळ्यातही सापडतात. तिथं गाळ आणि कुजका पाला अडकतो, म्हणजे तरंगता चिखलच म्हणा ना! तिथं ना तेल पोचत, ना मासा.

बरं, हे सगळं नुसत्या खाजेपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण हीच चिलटं मेंढ्यांना नीलजिव्हा रोग देतात. ताप येतो, तोंडात फोड येतात, चेहरा सुजतो, मेंढी लंगडते; कधी जीभ निळी पडते. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली, आणि तीही महाराष्ट्रातच. गाईगुरांच्या अंगात हा विषाणू बहुधा लक्षणं न दाखवता राहतो. चिलट गाईला चावतं, मग मेंढीला. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

मग करायचं काय? शेण-मूत काठावर वाहू द्यायचं नाही, कारण शेणमिश्रित चिखल यातल्या बऱ्याच जातींना फार मानवतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर कळप पाणथळीपासून दूर, उंचावर बसवायचा. तिथं वारा असतो आणि वाऱ्यात चिलटाला नीट उडता येत नाही. दिवस मावळताना आणि उजाडताना तळ्याकाठी चारायचं टाळायचं. लसही आहे, ती पशुवैद्यकांना विचारून पावसाळ्याआधीच टोचून घ्यायची.