ॲप कुणाच्या नावावर?

कळमनुरी हे तालुक्याचं गाव. इथल्या तहसीलच्या आवारात सकाळपासून एकच प्रश्न फिरत असतो, तो म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे. कसतो एक, सातबारा दुसऱ्याचा आणि फेरफार तिसऱ्याच कारणाने अडकलेला. शाळांत टॅब आले तेव्हा हाच प्रश्न त्यांच्या पाठोपाठ आला होता, फक्त तो कुणी विचारला नाही. टॅबची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला झाली. खुर्च्या, टेबलं, घंटा, टॅब. टॅबच्या पोटातल्या ॲपला मात्र कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता, आणि आजही नाही.

या प्रश्नाचा दहा-बारा वर्षांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात दूरवरून करावी लागते. २०१० मध्ये ॲपलने अमेरिकेतल्या शाळांसाठी घाऊक ॲपखरेदीची सोय काढली. व्हॉल्यूम पर्चेस प्रोग्रॅम हे तिचं नाव. शाळेने शंभर डॉलरपासून दहा हजार डॉलरपर्यंतची व्हाउचरं घ्यायची आणि त्यांतून ॲप विकत घ्यायची. वीस किंवा जास्त प्रती घेतल्या तर बरीचशी ॲप निम्म्या किमतीत मिळत. पैसे भरले की हाती यायची एक एक्सेल शीट. चाळीस प्रती घेतल्या तर तिच्यात चाळीस कोड. ते कोड मुलांना किंवा मास्तरांना वाटायचे, संपलं काम.

खरं तर काम तिथूनच सुरू व्हायचं. कोड ज्या खात्यात टाकला त्या खात्याच्या नावावर ते ॲप कायमचं चढायचं. खरेदीखतच झालं म्हणा ना! मुलगा शाळा सोडून गेला की ॲपही त्याच्याबरोबर गेलं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलासाठी शाळेने पुन्हा पैसे मोजायचे. त्यात तेरा वर्षांखालच्या मुलांना तेव्हा स्वतःचं खातं काढता येत नव्हतं. मग शिक्षकांनी शाळेच्या नावाने पाच-पंचवीस बनावट वाटावीत अशी खाती काढली, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि ती वही जिवापाड जपली. २०१२ मध्ये ॲपल कॉन्फिगरेटर नावाचं साधन आलं. एका मॅक संगणकाला टॅब जोडायचे आणि ॲप भरायची. यात कोड परत घेता यायचा खरा, पण ज्या मॅकवरून दिला त्याच मॅकवरून. तो मॅक बिघडला तर हिशेबाची वहीच जळाल्यासारखं.

वळण आलं २०१३ च्या अखेरीस. ‘मॅनेज्ड डिस्ट्रिब्युशन’, म्हणजे मध्यवर्ती वाटप. आता परवाना शाळेच्याच नावावर राहणार आणि मुलाला फक्त वापरायला मिळणार. गरज संपली की कार्यालयातल्या संगणकावरून परत घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना यात नवल वाटायचं कारण नाही, ही तर आपली पुस्तकपेढी! जूनमध्ये पुस्तकं द्यायची, परीक्षा झाली की कव्हरं तपासून परत घ्यायची. ॲप परत मागवलं तरी ते लगेच हिसकावून घेत नसत. खात्यावर दिलेलं ॲप आणखी तीस दिवस चालायचं, तेवढ्यात मुलाने आपलं काम काढून घ्यावं म्हणून. गंमत अशी की या सगळ्या व्यवस्थेत ॲप परत घेता येतं, पण डिजिटल पुस्तक येत नाही. ते एकदा दिलं की दिलं. पुस्तकपेढीच्या बरोबर उलट!

तरी एक अडचण उरलीच होती. परवाना घेणाऱ्याला स्वतःचं खातं लागायचं आणि आलेलं निमंत्रण स्वीकारावं लागायचं. २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर तीही गेली. परवाना माणसाला न देता थेट टॅबला देता येऊ लागला. पासवर्डची वही निकामी झाली. पण ज्या शाळांनी आधीची तीन-चार वर्षं कोड वाटले होते, त्यांना जुनी शीट काढून बसावं लागलं. कुठला कोड वापरला, कुठल्या खात्यात गेला, ते खातं कुणाचं, तो माणूस अजून आहे का? न वापरलेले कोड सोपे होते. वापरलेल्यांचं दुखणं मोठं, आणि काही परवाने माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांत कायमचे बुडाले. पुढे व्हॉल्यूम पर्चेसची ही जुनी योजना ‘ॲपल स्कूल मॅनेजर’ या शाळांसाठीच्या नव्या व्यवस्थेत विलीन झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिचं दार बंद झालं.

मध्यवर्ती ताबा आला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. २०१३ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या शाळांनी आयपॅड वाटले आणि थोड्याच दिवसांत सुमारे तीनशे मुलांनी त्यातली नियंत्रणाची प्रोफाइल काढून टाकली. करायचं काय होतं, तर सेटिंगमध्ये जाऊन एक नोंद पुसायची. पोरं कुठलीही असोत, कुंपण दिसलं की फट शोधणारच.

आता आपल्या गल्लीत येऊ. आमच्याकडे आले ते टॅब अँड्रॉइडचे, आणि आले ते बरेचसे लोकवर्गणीतून. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून आधीच गाजत होती. गावोगाव मग प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब यांसाठी पावत्या फाटू लागल्या. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आठवीच्या सुमारे बावीस हजार विद्यार्थ्यांना टॅब दिले, आत अभ्यासक्रम आधीच भरलेला. आठवीचा मुलगा नववीत गेला की आतला आठवीचा अभ्यासक्रम त्याच्या काय कामाचा, हा प्रश्न वाटपाच्या फोटोत कुठे दिसणार?

खेड्यातल्या शाळेत परवाना म्हणजे ई-लर्निंगच्या डब्यातली एक चावी. एका संगणकाला एक. संगणक फॉरमॅट केला की चावी गेली. विकणाऱ्याचा फोन लागला तर नवी चावी, नाही तर तो डबा कपाटावर. म्हणून आमच्या मास्तरांनी स्वतःचीच वाटपपद्धत शोधली, तिचं नाव शेअरइट. कुणी एकाने ॲप उतरवायचं, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मोबाइल शेजारी-शेजारी धरायचे आणि ते दहा जणांत पसरायचं. नेट लागत नाही, खातं लागत नाही, पैसे तर नाहीतच. जिल्ह्यातल्याच कुणा शिक्षकाने बनवलेलं पाढ्यांचं ॲप असेल तर यात वाईट काही नव्हतं. पण विकत घ्यायचं ॲपही याच वाटेने फिरे, आणि ते चोरीचं आहे हे कुणाच्या मनातही येत नसे. दोष मी मास्तरांना देणार नाही. परवाना कसा घ्यायचा, कुणाच्या नावाने घ्यायचा, पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे, याचं उत्तर त्यांना कुणी दिलंच नव्हतं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं, त्याचा गाजावाजा झाला. शेअरइटही होतं. शाळा आधीच बंद होत्या, त्यामुळे या दुसऱ्या जाण्याची बातमी झाली नाही.

तोवर परवान्याचा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटत आला होता. ५ सप्टेंबर २०१७ ला दीक्षा हे व्यासपीठ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापून येऊ लागले. हाही कोडच, पण हजारदा वापरला तरी न संपणारा. ॲप फुकट, आतला मजकूर फुकट, म्हणजे कुणाच्या नावावर हा तंटाच नाही. टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला याच दीक्षाच्या आधाराने चालली. माझ्या मते या साऱ्या दशकातली सर्वांत शहाणपणाची खरेदी ती, जिच्यात खरेदीच नव्हती. रेंज नसलेल्या वाडीवस्तीवर तिचा उपयोग किती, हा वेगळा वाद.

पण वरून चालणाऱ्या वाटपाची दुसरी बाजू पाहायची तर शाळा सोडून शेजारच्या अंगणवाडीत डोकवावं लागेल. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, सेविकांच्या हाती सरकारी मोबाइल आले आणि त्यांत कॅस हे नोंदी भरायचं ॲप. १ मार्च २०२१ ला त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आलं. दिल्लीने ॲप बदललं, ठीक. पण मोबाइल तोच राहिला, दोन जीबी रॅमचा, वॉरंटी संपलेला, आणि नव्या ॲपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन टेबलावर ठेवले. मध्यवर्ती व्यवस्थेत परवाना परत मागवायचा अधिकार वरच्याला असतो. सेविकांनी यंत्रच परत केलं. या सगळ्या इतिहासात खालून वर आलेली वापसी मला ही एकच दिसते. ॲपमध्ये मराठी नंतर आली.

यातून एक गोष्ट मला दिसते. कोडच्या काळात गळती खाली होती, परवाने पोरांबरोबर जात. मध्यवर्ती वाटपात गळती वर सरकली. तिथे सगळा डोलारा एका टोकनवर, म्हणजे शाळेचं खातं टॅबच्या व्यवस्थापनाला जोडणाऱ्या एका डिजिटल किल्लीवर, उभा असतो. ॲपलच्या व्यवस्थेत हे टोकन दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं, आणि ज्या खात्याने ते काढलं त्याचा पासवर्ड बदलला तरी ते बाद होतं. म्हणजे शेकडो टॅबची किल्ली एका माणसाच्या ईमेलमध्ये. आणि आपल्याकडे माणसाची बदली होते. डोंगरकड्याचे गुरुजी बाळापूरला जातात, बाळापूरचे सेनगावला. जाताना चार्ज देतात. किल्ल्या मोजून, खिचडीचे डबे मोजून, तांदळाची पोती मोजून, सही-शिक्क्यानिशी. खात्याचा पासवर्ड मात्र गुरुजींच्या डोक्यातच पुढच्या गावी जातो.

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना एक विनंती. पुढच्या बदल्यांच्या वेळी चार्जयादीत टॅबच्या ओळीखाली आणखी एक ओळ वाढवा. खातं कुठल्या ईमेलवर आहे, तो ईमेल शाळेचा की गुरुजींचा स्वतःचा, परवाने किती आणि टोकन असेल तर ते कुठल्या तारखेला संपतं. ईमेल गुरुजींचा निघाला, तर सही करण्याआधी तो बदलून घ्या.