ताटातला पारा

मुलांनो, जुन्या थर्मामीटरमधील चकाकणारी रेघ तुम्ही पाहिली असेल. ती पाऱ्याची असते. उर्दूतही आपण त्याला पाराच म्हणतो. हा पारा अन्नात आला तर काय होते?

जपानमध्ये मिनामाता नावाचे गाव आहे. तेथील एका कारखान्याचे सांडपाणी अनेक वर्षे समुद्रात सोडले जात होते. त्यात विषारी पारा होता. तो आधी सूक्ष्म जीवांच्या शरीरात गेला. त्यांना लहान माशांनी खाल्ले आणि लहान माशांना मोठ्या माशांनी. प्रत्येक वेळी विष वाढत गेले. शेवटी ते मासे माणसांच्या ताटात आले.

१९५६ साली तेथे एका पाच वर्षांच्या मुलीला दवाखान्यात आणले. तिला नीट चालता येत नव्हते, बोलताही येत नव्हते. पुढे असे अनेक रोगी सापडले. काही आया वरून निरोगी दिसत होत्या. पण त्यांची बाळे जन्मतःच आजारी होती. पोटातील बाळाचा आणि लहान मुलाचा मेंदू वाढत असतो. म्हणून पाऱ्याचा घाला त्यांच्यावर अधिक होतो.

मासे धुतले किंवा शिजवले, तरी हा पारा जात नाही. मग मासे खाऊ नयेत का? तसे नाही. मासे पौष्टिक असतात. फक्त मुशीसारखे मोठे, शिकारी मासे लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना देऊ नयेत. तारली, मांदेली असे छोटे मासे द्यावेत.

तुमच्या घरी लहान भावंडे आहेत ना? मग आजच अम्मीला ही गोष्ट सांगा.