एक मिलिमीटर

संडासच्या वेळी रक्त पडणं हा काही रविवारी सकाळी चहासोबत वाचायचा विषय नव्हे, हे मला कळतं. वाचकांनी हवं तर चहा आधी संपवावा. पण हाच विषय बोलायचा नसतो असं धरून मी पाच महिने गप्प बसलो होतो, आणि ते गप्प बसणं मला फार महागात पडता पडता राहिलं. म्हणून लिहितो आहे.

बँकेत चौतीस वर्षं काढली. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला मूळव्याध होतेच, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत. त्यामुळे २०२१ च्या दिवाळीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी स्वतःच निदान करून मोकळा झालो. इसबगोल, ताक, सुरणाची भाजी, कुणीसं सांगितलेलं मलम, सगळं झालं. हिला काही बोललो नाही. पुढे दिवसातून चार-पाचदा जाऊन यायचं आणि तरी पोट साफ झालं नाही असं वाटत राहायचं, हे सुरू झालं. वजनही उतरलं. लोक म्हणाले, 'रिटायर झाल्यावर तब्येत छान सडसडीत ठेवलीत!' मी खूश.

एप्रिलमध्ये हिच्या लक्षात आलं. 'अहो, हे काय चाललंय तुमचं?' एवढंच म्हणाली आणि मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी हातमोजा चढवला, बोटानं तपासलं. दोन मिनिटांचं काम. हात धुताना ते म्हणाले, 'काका, ही मूळव्याध नाही वाटत. उद्याच दुर्बिणीनं तपासून घेऊ.' ही दोन मिनिटांची तपासणी मी पाच महिने लाजेपोटी टाळली होती.

कोलोनोस्कोपीत गुदद्वारापासून सात सेंटिमीटरवर गाठ दिसली. तिचा तुकडा तपासणीला गेला आणि आठवड्यानं कर्करोगाचा शिक्का बसला. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मलाही ती ठाऊक नव्हती. कर्करोग आहे की नाही, हे त्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरतं. एमआरआय करायचा तो गाठ किती खोल गेली आहे, कशाला टेकली आहे, हे पाहायला. आणि पुढची सगळी उपाययोजना त्यावर उभी असते.

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. नेहमीच्या यंत्राची ताकद दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसएक हजार पट. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, त्यांत हायड्रोजन, आणि त्या प्रत्येक हायड्रोजनचं केंद्र म्हणजे एक इवलासा लोहचुंबकच. त्यांना रेडिओलहरींचा धक्का द्यायचा आणि मूळ जागी परतताना ते जो संदेश सोडतात त्यावरून चित्र उभं करायचं. क्ष-किरणांचा संबंध नाही. अंगठी, घड्याळ, कवळी बाहेर ठेवतात. पेसमेकर असेल तर आधी सांगावं लागतं. आत अर्धा-पाऊण तास निपचित पडायचं आणि वर ठोक्यांचा असा आवाज, की शेजारच्या घरात फरश्या फोडताहेत. हातात रबरी फुगा देतात, भीती वाटली तर दाबायला. मी तो सारखा चाचपत होतो. दाबला मात्र नाही.

रिपोर्ट आला तो चार ओळींचा. गुदाशयात गाठ आहे, आजूबाजूला काही ग्रंथी दिसतात, बाकी रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे. गाव सांगत नाही, सेंटरचं नावही सांगत नाही. पण शेवटची आठ वर्षं मी बँकेत इन्स्पेक्शनला होतो. 'वह्या सर्वसाधारणपणे ठीक आढळल्या' असं लिहून संध्याकाळची गाडी पकडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. तसाच हा कागद होता. तो हातात धरून एका सर्जननी पुढच्या गुरुवारची तारीखसुद्धा दिली. 'काढून टाकू, मोकळे व्हाल.' मी तयार होतो. मुलगा अडून बसला, म्हणाला, आणखी एकांना दाखवू.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि खाली ठेवली. 'काका, हा पुन्हा करावा लागेल.' माझा चेहरा पाहून त्यांनी कागदावर चित्र काढलं. गुदाशय ही पंधराएक सेंटिमीटरची नळी. तिच्याभोवती चरबीचं वेष्टण, आणि त्या चरबीवर एक पातळ पडदा, उशीला अभ्रा असावा तसा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावच्या बिल हील्ड या सर्जननी १९८२ साली मांडलं, की नळी नुसती ओरबाडून काढू नका, चरबीसकट, अभ्रा न फाटता अखंड काढा. तसं केल्यावर आजार पुन्हा त्याच जागी उगवण्याचं प्रमाण खूपच घटलं. पण गाठच त्या अभ्र्यापर्यंत पोचली असेल तर? तेव्हा सुरी घालणं म्हणजे रोगाचे धागे मागे ठेवणं. गाठीची कड आणि पडदा यांच्यात एक मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर आहे की नाही, हा खरा प्रश्न. तो शस्त्रक्रियेआधी एमआरआयनं सोडवता येतो, हे युरोपातल्या चारशेहून अधिक रुग्णांच्या तपासण्यांवरून २००६ साली दाखवून दिलं गेलं.

माझ्या पहिल्या तपासणीत सगळ्या ओटीपोटाचे जाडजूड काप घेतले होते. त्यांत एक मिलिमीटर कुठून दिसणार? हवे होते तीन मिलिमीटरचे पातळ काप, तेही गाठीच्या दिशेला बरोबर काटकोनात. पुन्हा पैसे, पुन्हा ते ठोके. मी कुरकुरलो, ते इथे कबूल करतो.

या खेपेला रेडिऑलॉजिस्ट बाईंनी आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवून दाखवलं. चरबी पांढरीशुभ्र, आतड्याची स्नायूंची भिंत काळी, गाठ या दोहोंमधली करडी. ती करडी जीभ काळी भिंत फोडून सहा मिलिमीटर पांढऱ्यात शिरली होती. भिंतीच्या आत असती तर पहिली-दुसरी पायरी. बाहेर पडली म्हणून तिसरी. शेजारच्या अवयवात घुसली तर चौथी. जवळच्या एका शिरेतही ती डोकावत होती. ग्रंथींच्या बाबतीत बाई सावध होत्या. नुसत्या आकारावर जाऊ नये, कडा वेड्यावाकड्या आहेत का ते पाहतो, म्हणाल्या. मग त्यांनी पांढऱ्या चरबीच्या कडेची केसासारखी काळी रेघ दाखवली. हाच तो पडदा. आणि करडी जीभ एका जागी त्याला जवळजवळ टेकलेली. अंतर एक मिलिमीटरहून कमी.

ही काही बोलली नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं, ते बाहेर रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

गुरुवारची ती शस्त्रक्रिया झाली असती तर? या प्रश्नानं मी बऱ्याच रात्री जागून काढल्या. ती न होता, फुप्फुसं आणि यकृत सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ निघाल्यावर, आधी पाच आठवडे रेडिएशन झालं, पंचवीस बैठका, सोबत केमोच्या गोळ्या. मग आठ आठवडे नुसतं थांबायचं. हे थांबणं सगळ्यात कठीण. रोग शरीरात असताना हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे काय, हे सांगता येत नाही. या काळात कादंबरीचं एक पानही लिहून झालं नाही.

तिसरा एमआरआय सप्टेंबरात. करड्याच्या जागी बरीचशी काळी पट्टी दिसत होती. तो व्रण, जखम भरल्याची खूण. पडदा मोकळा झाला होता. थोडं करडं मात्र उरलं होतं. ते पूर्ण गेलं असतं तर शस्त्रक्रियेशिवाय नुसती देखरेख ठेवण्याचाही मार्ग आहे. साओ पावलोच्या डॉक्टर अँजेलिता हाब्र-गामा यांनी तो रुजवला. माझ्या नशिबी तो नव्हता. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. पोटावर तीन महिने पिशवी होती. पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे पाहतही नव्हतो. ती बदलायला मला शिकवलं ते हिनं. पुढे दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेनं ती गेली. काढलेल्या भागाची तपासणी झाली, त्यात कड स्वच्छ आली. गुदद्वाराचे स्नायू वाचले. अजूनही कुठे निघायचं तर संडास कुठे आहे हे मी आधी विचारून घेतो. पण नाटकाला जातो, प्रवास करतो. ठरलेल्या तारखांना तपासण्याही करतो.

माझं कळल्यावर डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांनाही कोलोनोस्कोपी करायला सांगितलं होतं. धाकटा भाऊ माझ्याच वळणाचा. 'मला काही होत नाही, दादा,' हे पालुपद त्यानं वर्षभर चालवलं. शेवटी वहिनीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, दटावणीनं गेला. दोन कोंब निघाले, तिथल्या तिथे काढून टाकले. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. बोलला सगळं क्रिकेटवर. ठेवता ठेवता म्हणाला, 'वहिनीला सांग, जाऊन आलो म्हणून.'